आकाशातली पंगत



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. विमानाच्या पुढच्या भागात ज्या महागड्या खुर्च्या असतात, तिथली व्यवस्था विमान कंपन्यांनी कशी सुधारावी, याविषयी मी चार शब्द बोलणार आहे. कोणी म्हणेल, "सर, आमच्या गावाला एस.टी. वेळेवर येत नाही, आणि तुम्ही आम्हाला विमानातल्या गाद्यागिर्द्यांच्या गोष्टी काय सांगता?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचे उत्तर देतो आणि मग पुढे जातो.

पहिली गोष्ट अशी की, विमान आता आपल्याला तितके परके राहिलेले नाही. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईच्या प्रवासी सेवेचा आरंभ झाला. आपल्या अचलपूर-परतवाड्याकडची, अंजनगाव-दर्यापूरकडची कितीतरी मुले आज परदेशात नोकरीला आहेत, आणि त्यांचे आईबाप वर्षा-दोन वर्षांनी नातवंडे पाहायला समुद्र ओलांडून जातात. दुसरी गोष्ट अशी की, विषय वरून विमानाचा दिसत असला तरी आतून तो पाहुणचाराचा आहे. आणि पाहुणचारातले वऱ्हाडी माणसाला काही कळत नाही, असे कोण म्हणेल?

आता मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. माझे मामा संत्र्यांचे बागाईतदार. आयुष्यभर धोतर आणि टोपी. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. बापाला सोळा-सतरा तास अवघडून बसवणार नाही, असा त्याने हट्ट धरला, आणि पुढच्या वर्गाची दोन तिकिटे काढून पाठवली. एक मामांचे, एक सोबतीला माझे. तिकिटाची किंमत मामांना कळू द्यायची नाही, असे आमचे आधीच ठरले होते. कळली असती तर ते दारातूनच परत फिरले असते!

आम्ही आत जाऊन बसलो. एक बाई आल्या, त्यांनी मामांचे तिकीट पाहिले. थोड्या वेळाने दुसऱ्या आल्या, त्यांनीही पाहिले. आजूबाजूच्या कोणाचेही दुसऱ्यांदा पाहिले नाही. मामा हळूच मला म्हणाले, "बापू, आपन दुसऱ्याच्या जाग्यावर त नाई बसलो ना रे?" मी म्हटले, "नाही मामाजी, जागा आपलीच आहे." पण तेव्हापासून ते खुर्चीच्या काठावर बसले, ते बराच वेळ तसेच. पुढे खुर्चीची गादी आडवी करायला गेलो, तर ती निम्म्यावर अडकली. बटणांवरची अक्षरे इंग्रजी, तीही बारीक. जेवण आले ते कोमट. ज्या सुखासाठी मुलाने पदरचे एवढे पैसे मोजले होते, ते तेवढे सोडून बाकी सर्व काही तिथे होते. रेशमी पिशवी होती, अत्तर होते, चकचकीत यादीपत्रक होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

ती कंपनी कोणती, हे सांगण्याचे कारण नाही. एकीची गोष्ट दुसरीला लागू पडावी, इतपत या कंपन्या सारख्या आहेत. मात्र त्याच विमानात मध्यरात्री एक वयस्क कर्मचारी आला. मामा जागेच आहेत, हे त्याने पाहिले. तो त्यांच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसला आणि हिंदीत म्हणाला, "बाबूजी, पाय दुखतात का?" त्याने उशा रचून पाय वर ठेवून दिले, अडकलेली गादी हाताने ओढून सरळ केली, गरम पाणी आणून दिले, आणि कोणते बटण कशाचे, ते मामांचे बोट धरून दाखवले. मग मामा खुर्चीत नीट टेकले आणि झोपले. परत आल्यावर त्यांनी घरी त्या विमानाचे जे वर्णन केले, त्यात अत्तर नव्हते, यादीपत्रक नव्हते. तो माणूस तेवढा होता.

तेव्हापासून माझ्या मनात हा विचार घोळतो आहे. आपण विकतो काय आणि गिऱ्हाईक घेतो काय, याचा या कंपन्यांनी एकदा शांतपणे हिशेब मांडावा. लांब पल्ल्याच्या विमानात पुढच्या खुर्च्या थोड्या असतात, पण उत्पन्नाचा मोठा वाटा त्याच देतात. म्हणून त्यांच्यासाठी चढाओढ चालते. २००० साली ब्रिटिश एअरवेजने व्यापारी वर्गातही पूर्ण आडवी होणारी खुर्ची आणली, आणि तेव्हापासून बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. कोणी दार लावलेली खोली देते, कोणी स्नानाची सोय करते. हे सारे ठीक. पण माझ्या मते सुधारणेची खरी जागा निराळी आहे. ती मी क्रमाने सांगतो.

पहिली सुधारणा म्हणजे जे आहे ते चालू असावे. आजची ही खुर्ची म्हणजे मोटारी, पट्ट्या आणि तारा यांचे एक यंत्रच असते. यंत्र म्हटले की ते बिघडणार. ओलिताच्या पंपाला जशी मोसमाआधी तपासणी लागते, तशी या खुर्चीला उड्डाणाआधी लागते. नवे दहा चमत्कार करण्यापेक्षा जुना एक नेटका चालवणे अवघड असते, आणि गिऱ्हाइकाला हवे असते ते तेच. खुर्ची बिघडलेलीच असेल, तर ते प्रवाशाला आधी सांगावे आणि पैशांतला फरक त्याने न मागता परत करावा.

दुसरी सुधारणा झोपेची. रात्रीच्या प्रवासात माणूस पैसे मोजतो ते मुख्यतः झोपेसाठी. आणि नेमके त्याच वेळी ताटल्यांचा खणखणाट, दिव्यांचा लखलखाट आणि सूचनांचा भडिमार चालू असतो. ज्याला झोपायचे आहे त्याला जेवण विमानतळावरच द्यावे. ज्याला उठवायचे नाही, त्याला उठवू नये. याला खर्च काहीच नाही, फक्त विचारण्याची तसदी आहे.

तिसरी सुधारणा अन्नाची. इथे थोडे विज्ञान सांगितले पाहिजे. शाळेतल्या मुलांना सांगण्याजोगे आहे. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून जाते, तेव्हा आतली हवा दाबून ठेवलेली असते. तरी तो दाब जमिनीवरच्या इतका नसतो. सुमारे आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असतो तितकाच ठेवतात. म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर जाऊन बसण्यासारखे झाले. नव्या बांधणीच्या काही विमानांत हा दाब सहा हजार फुटांच्या उंचीइतका ठेवता येतो, म्हणून त्यांत थकवा कमी जाणवतो. आणि हवा किती कोरडी? आपल्याकडच्या वैशाखातल्या दुपारीसारखी. नाक कोरडे पडते, वास मंदावतो, आणि वास मंदावला की चवही जाते. लुफ्तान्सा या जर्मन कंपनीने २०१० साली फ्राउनहोफर संस्थेकडून याची परीक्षा करून घेतली, तेव्हा मीठ आणि साखर यांची चव वर बोथट होते, असे आढळले. म्हणून नाजूक चवीचे युरोपी पदार्थ वर फिके लागतात, आणि आपल्या फोडणीच्या डाळीचा, आंबटगोड कढीचा, आल्याच्या चहाचा टिकाव चांगला लागतो. मग आपल्या देशाच्या कंपन्यांनी सात परक्या पदार्थांची नक्कल कशाला करावी? दोनच पदार्थ द्यावेत, पण कढत द्यावेत. आणि मध्ये मध्ये न मागता पाणी द्यावे.

चौथी सुधारणा बोलण्याची. बटणांवर अक्षरांऐवजी ठळक चित्रे असावीत. ज्या गावाहून विमान निघते, तिथली भाषा बोलणारा निदान एक माणूस आत असावा. विमानाला उशीर झाला तर खरे कारण आणि खरी वेळ सांगावी. "लवकरच निघत आहोत" हे चार तास ऐकण्यापेक्षा "चार तास लागतील" हे एकदा ऐकलेले माणसाला अधिक सोसते. आणि कपड्यांवरून माणसाची परीक्षा करू नये. आपल्याकडे शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात जाऊन पाहा. तिथला सेवेकरी येणाऱ्या प्रत्येकाला 'माऊली' म्हणतो, मग तो मोटारीतून आलेला असो की पायी दिंडीतून. तिकीट पाहणाऱ्याने ते एकदा पाहावे, आणि मग खुर्चीवरच्या माणसाला पाहावे.

पाचवी सुधारणा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका छोट्या विमानातून कराचीहून टपाल आणले आणि ते जुहूला उतरले. त्या कंपनीचीच पुढे एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ रोजी तिचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तिला मिशाळ, नम्रपणे झुकलेला महाराजा दिला. १९५३ साली कंपनी सरकारी झाली, तरी १९७८ पर्यंत टाटाच तिचे अध्यक्ष होते. त्या काळात या लहानशा कंपनीच्या आदरातिथ्याचा जगात लौकिक होता. तो कशाने? टाटा प्रवासी म्हणून बसत आणि टिपणे काढीत. पडद्याचा रंग, खुर्ची किती मागे झुकते, चहा आणि कॉफी रंगाने वेगळी ओळखू येते की नाही, असल्या बारीकसारीक गोष्टी त्या टिपणांत असत. विमानातले शौचालय अस्वच्छ दिसले, तेव्हा अध्यक्षांनी बाह्या सरसावून ते स्वतः आवरले, असे सांगतात.

हे वाचले की मला आपल्या जिल्ह्यातला दुसरा एक माणूस आठवतो. अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. ते गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन नंतर. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या, त्या ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांच्यासाठी. एक उद्योगपती, एक फकिरासारखा राहणारा संत. दोघांत साम्य काहीच नाही. पण येणाऱ्याची जागा आपल्या हाताने स्वच्छ करण्यात कमीपणा नाही, हे दोघांनाही कळले होते. जिथे वरचा माणूस खराटा उचलतो, तिथे खालच्याला शिकवावे लागत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. त्याच वर्षी डिसेंबरात ४० मोठ्या विमानांच्या अंतर्भागाच्या नूतनीकरणासाठी ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली. पैशाने खुर्च्या नव्या येतात. ती टिपणे काढण्याची सवय मात्र नव्याने लावून घ्यावी लागते, आणि ती प्रत्येक कंपनीच्या अधिकाऱ्यांनी लावून घ्यावी. महिन्यातून एकदा, न कळवता, त्यांनी पुढच्या खुर्चीतून एकदा आणि शेवटच्या रांगेतून एकदा प्रवास करावा.

शेवटच्या रांगेचा उल्लेख मी मुद्दाम केला. पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला नुसता भात वाढला, तर आपण त्याला पंक्तिप्रपंच म्हणतो आणि वाढप्याला नावे ठेवतो. विमानात हा प्रपंच पैसे घेऊन उघड चालतो. त्याला माझी हरकत नाही. ज्याचे गुडघे दुखतात त्याने जास्त पैसे देऊन पाय पसरावेत. पण पुढे जे शिकले ते मागे पोचवता येते. १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी पहिल्या वर्गाच्या गाद्या काढल्या नाहीत. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम घालायला लावला. त्याच वर्षी डिसेंबरात हावड्याहून मुंबईला गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तीत तेव्हा एकच वर्ग होता, आणि ती आपल्या बडनेऱ्यावरून, अकोल्यावरून धावू लागली. दोन इंचांनी कोट्यवधी लोकांची रात्र सुखाची झाली. विमान कंपन्यांनी दोन इंचांचा हा धडा गिरवावा. पाणी, खरी माहिती, स्वच्छ शौचालय आणि आदराचा शब्द, या चार गोष्टी पुढच्या वर्गाच्या तिकिटात बांधून विकू नयेत. त्या साऱ्या पंगतीला सारख्या वाढाव्यात.

लहानपणी आम्ही अचलपूरहून मूर्तिजापूरला शकुंतलेने जात असू. छोटी गाडी, कोळशाचे इंजिन, ७६ किलोमीटरला चार-चार तास. आम्ही बसायचो त्या डब्यात पुढची खुर्ची आणि मागची खुर्ची नव्हती. बाके कठीण होती, पण म्हातारे माणूस चढले की कोणीतरी उठायचे आणि म्हणायचे, "बसा जी, बाबाजी." आता ती गाडी बंद पडली. बेलोऱ्याला जे छोटे विमान येऊ लागले, त्यातही पुढचा वर्ग नाही, सगळ्या खुर्च्या सारख्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गातली काही मुले उद्या विमानात वाढपी होतील, काही प्रवासी होतील, एखादे कंपनीचे मालकही होईल. त्यांना यंत्र शिकवणारे पुष्कळ भेटतील. धोतरातला म्हातारा काठावर का बसला आहे, हे ओळखायला त्यांना कोणीतरी शाळेतच शिकवले पाहिजे.

मामा यंदा पुन्हा अमेरिकेला जायचे म्हणतात. मुलाने विचारले, "बाबा, तिकीट कोणत्या वर्गाचे काढू?" मामा म्हणाले, "कोनताही काढ. तो मानूस ज्या इमानात अशीन, त्याचं काढ."