पडद्यावरील समाजचित्र आणि आपली ज्ञाती
(येवला येथे ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षण, समाजाची प्रतिष्ठा आणि विवाह हे आपल्या मेळाव्याचे तीन ठरलेले विषय होत. वक्ता कोणीही असो, या तिहींच्या बाहेर त्याला सहसा जाता येत नाही. आज मी चित्रपटाविषयी बोलणार म्हटल्यावर काही वडीलधाऱ्या मंडळींना तो विषय या व्यासपीठास न शोभणारा वाटेल. तथापि ज्या दिग्दर्शकाच्या आरंभीच्या कार्याचा परिचय मी करून देणार आहे, त्याच्या पहिल्या तीन प्रमुख कृती नेमक्या याच तीन विषयांवर आहेत. ते दिग्दर्शक म्हणजे श्री. नागराज मंजुळे.

चित्रपटाला परका समजण्याचे आपणांस काहीच कारण नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म आपल्याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी झाला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. पुढे १९२५ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ काढून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे दुःख लोकांपुढे मांडले. १९३७ साली व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ने जरठ-बाला विवाहावर प्रहार केला. समाजाच्या दुखण्यावर बोट ठेवण्याची मराठी चित्रपटाची रीत अशी जुनीच आहे. मात्र पुष्कळदा असे झाले की, ज्यांचे दुःख दाखवावयाचे ते पडद्यावर असत आणि दाखविणारा हात दुसऱ्याचा असे. मंजुळे यांचे वेगळेपण येथेच आहे.

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर नावाचे गाव आहे. तेथील वडार समाजातील एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरात कलेची परंपरा नाही, मुंबईच्या चित्रसृष्टीत ओळखपाळख नाही. दहावीच्या परीक्षेत ते नापास झाले. आपल्याकडे असा मुलगा म्हणजे वाया गेलेला, असा निकाल घरचेच देऊन टाकतात. परंतु हा मुलगा पुन्हा उभा राहिला, पुणे विद्यापीठातून मराठी विषयात एम. ए. झाला, कविता लिहू लागला. पुढे त्यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात कॅमेरा हाती धरला.

त्यातून २००९ च्या सुमारास ‘पिस्तुल्या’ हा छोटा चित्रपट झाला. शाळेची विलक्षण ओढ असलेल्या, पण गरिबीने चोरीकडे ढकलल्या जाणाऱ्या एका पारधी मुलाची ही कथा आहे. जेमतेम पाव तासाचा हा चित्रपट पाहून आम्हां शिक्षकांच्या जिवाला चटका लागतो. हजेरीपटावर ज्याच्या नावापुढे रोज गैरहजेरी मांडली जाते, तो मुलगा त्या वेळी कोठे असतो, याचे उत्तर तेथे मिळते. येवल्यातही एके काळी कांड्या भरण्यासाठी मुलांना घरी ठेवीत असत. माग चालला पाहिजे आणि शाळाही झाली पाहिजे, ही ओढाताण आपल्या विणकर समाजाला नवी नाही. या पहिल्याच प्रयत्नाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यातील बालकलाकार सूरज पवार यालाही दिग्दर्शकाने मग सोडले नाही. पुढच्या दोन्ही चित्रपटांत तो आपणांस पुन्हा भेटतो.

दुसरी कृती ‘फँड्री’. हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. ‘फँड्री’ हा कैकाडी बोलीतील शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर. जांबुवंत ऊर्फ जब्या हा गावकुसाबाहेरच्या कुटुंबातील शाळकरी मुलगा. वर्गातील एका मुलीवर त्याचा जीव जडलेला आहे आणि काळी चिमणी मिळाली तर आपले मनोरथ पूर्ण होईल, अशी त्याची भाबडी समजूत आहे. बापाला मात्र लेकीच्या लग्नाची चिंता. त्याच्या वाट्याला गावातील डुकरे धरण्याचे काम आलेले असते आणि त्या कामात मुलालाही उतरावे लागते, तेही ज्यांच्यासमोर नीटनेटके दिसावे असे वाटते त्या वर्गमित्रांच्या देखत. डुक्कर हाती लागणार, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे ते डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते. तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले यांची चित्रे रंगविलेली आहेत. तेथे कोणी भाषण करीत नाही. भिंतीवर काय आहे आणि भिंतीपुढून काय चालले आहे, एवढेच दिग्दर्शक दाखवितो. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकांच्या अंगावर येतो. या चित्रपटासाठी पदार्पणातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा इंदिरा गांधी पुरस्कार मंजुळे यांना मिळाला आणि जब्याचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडे याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सोमनाथ हा काही शिकूनसवरून तयार झालेला नट नव्हे. तो गावात हलगी वाजविणारा मुलगा. इटलीच्या व्हित्तोरियो दे सिका यांनी १९४८ साली ‘बायसिकल थीव्ह्ज’ या जगप्रसिद्ध चित्रपटात कारखान्यातील एका कामगारालाच नायक केले होते. हीच रीत मंजुळे यांनी करमाळ्याच्या परिसरात अवलंबिली. जो माणूस ते जिणे जगला आहे, त्याच्या चालण्याबोलण्यात जे सत्य उतरते, ते रंगरंगोटीने आणता येत नाही. पैठणीचा पदर हातमागावरचा की यंत्रावरचा, हे उलट बाजू पाहिली की जाणत्याला कळते. येथेही तसेच आहे.

तिसरी कृती ‘सैराट’, २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेली. हा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. त्याच्या गाण्यांवर आपल्या वरातींतून तरुण मंडळी नाचली आहेत. परंतु नाचून झाल्यावर शेवट किती जणांनी मनात ठेवला? पळून जाऊन लग्न केलेले आर्ची आणि परशा परगावी कष्ट करून संसार उभा करतात, लेकरू होते आणि एके दिवशी माहेरची माणसे भेटीला येऊन त्या दोघांचा प्राण घेतात. हे कल्पित आहे, असे म्हणून सुटका नाही. १ जानेवारी २०१३ रोजी शेजारच्या नगर जिल्ह्यात सोनई येथे अशाच कारणावरून तीन तरुणांची हत्या झाली. तो खटला आपल्या नाशिकच्या न्यायालयात चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा आरोपींना दोषी ठरवून शिक्षा झाली.

‘सैराट’मधील आणखी एक प्रसंग मला या व्यासपीठावरून मुद्दाम सांगावयाचा आहे. मुलगा पळून गेल्यावर परशाच्या गरीब बापाला स्वतःच्याच जातीच्या पंचांपुढे अवमानित होऊन उभे राहावे लागते. म्हणजे वरची जात त्याला छळते आणि स्वतःची जातही आधार देत नाही. ज्ञातिसंस्थेच्या मेळाव्यात हे सांगणे काहींना रुचणार नाही. पण हे येथे सांगावयाचे नाही, तर कोठे? महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ सालापासून अमलात आहे. वाळीत टाकणे हा आज गुन्हा आहे. परंतु आमंत्रण न देणे, पंगतीत न बोलणे, बहिणीच्या स्थळाला नकार कळविणे, हे मुके बहिष्कार कोणत्याही कायद्याच्या कलमात सापडत नाहीत. ते केवळ आपल्या मनानेच थांबावयाचे आहेत.

काही मंडळी म्हणतात, असे चित्रपट जुन्या जखमा उकरून काढतात आणि तरुणांना बिघडवितात. या आक्षेपाचा मी विचार केला आहे. तरुण मुले चित्रपट पाहून प्रेमात पडत नाहीत. चित्रपट नव्हते तेव्हाही ती पडतच होती. आणि जखम झाकून ठेवली म्हणजे भरते, असे कोणताही वैद्य सांगणार नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती याच येवल्यात. तो दिवस आपण गावाचा अभिमान म्हणून सांगतो. ती घोषणा कोणत्या यातनेतून निघाली, हे समजून घेतल्याखेरीज तो अभिमान पुरा होत नाही.

केवळ रसग्रहण करून मी खाली बसणार नाही. कार्यकारी मंडळापुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, आपला विद्यार्थी-गौरव उत्तम गुण मिळविणाऱ्यांचा होतो, तो अवश्य व्हावा, परंतु नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे शुल्क व पुस्तके यांसाठी काही रक्कम वेगळी काढावी. जेऊरचा एक नापास मुलगा काय करू शकतो, हे आपण आताच ऐकले. दुसरी, लेखन, चित्रकला, नाट्य वा चित्रपट या मार्गाला जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना ‘हे आपले काम नव्हे’ असे सांगू नये. आपल्या मागांची, आपल्या गल्ल्यांची कथा आपल्याच मुलांनी सांगावी, दुसऱ्या कोणी येऊन सांगेल तेव्हा ती अर्धीच असेल. तिसरी सूचना अवघड आहे. ज्या घरातील मुलाने अथवा मुलीने ज्ञातीबाहेर विवाह केला असेल, त्या घराला पुढील मेळाव्याचे आमंत्रण इतरांप्रमाणेच जावे आणि ते कार्यकारी मंडळाच्या सभासदाने स्वतः घरी जाऊन द्यावे. माझ्या माहितीत अशी घरे आहेत आणि आजच्या सभेत त्यांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत.

संघटन म्हणजे आपल्यापुरते कुंपण घालणे नव्हे. आपल्या माणसाला संकटात एकटे पडू न देणे, हा त्याचा खरा अर्थ. तो अर्थ पाळला तर आपली ज्ञातिसंस्था टिकेल आणि टिकण्यास पात्रही ठरेल.