अंगठा, सही आणि पुन्हा अंगठा



'इंटरनेट आणि आपण' ह्या विषयावर दोन शब्द बोला, असे मंडळाने आम्हाला सांगितले. आम्ही गिरणीतला माणूस, शिक्षण रात्रशाळेचे, तेही अर्धवट. पण ह्या इंटरनेटचे चटके आम्ही खाल्लेत, तेव्हा बोलायचा हक्क आहे असे समजतो.

पूर्वीचे सगळे चांगले होते, असे आम्ही म्हणणार नाही. १९९१ साली आमचे वडील गावी वारले. चाळीत तार आली तेव्हा आम्ही रातपाळीला होतो. सकाळी घरी आलो, तशीच एस.टी. पकडली. गावी पोचलो तोवर अंत्यविधी उरकला होता. बापाचे तोंड दिसले नाही. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, लोक हळहळले. आम्हाला काही वाईट वाटले नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. आमच्या चाळीत कोणाला खबरही नव्हती. तेव्हा फोन एकच, वाण्याच्या दुकानात. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि पोराटोरांच्या हाती मोबाइल आला. तोवर ही चैन होती, नसली तरी चालायचे. आता ते नसले तर रेशन अडते, मुलांची शिष्यवृत्ती अडते. २०२१ साली तर लस अडली. १८ ते ४४ वयाच्या माणसाला सुरुवातीला ऑनलाइन नोंदणीशिवाय लस नव्हती. धुणीभांडी करणाऱ्या आमच्या भगिनींनी बटणाचा फोन कुणाला दाखवायचा? ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला असाच सवाल केला.

आता आमचीच गोष्ट. मागच्या वर्षी रेशनच्या दुकानात आमचा अंगठा लागेना. तुटलेले सूत सांधून सांधून बोटांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. दुकानदार आम्हाला वीस वर्षे ओळखतो, पण म्हणाला, "काका, मशीन घेत नाही, मी काय करू?" दोन दिवस फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतीचा अंगठा लागला, तेव्हा तांदूळ घरी आले.

आमची आई जन्मभर अंगठा लावत आली. बाबासाहेबांचे ऐकून तिने आम्हाला शाळेत धाडले. पहिला पगार आम्ही सही करून घेतला, म्हणून तिने चाळीत गूळ वाटला होता. आणि आज सही येत असून पुन्हा अंगठाच लावा म्हणतात, अन् तोही चालत नाही! रागाने मोबाइल फेकावासा वाटतो. पण फेकून कोणाचे नुकसान? नात त्याच्यावरच अभ्यास करते.

म्हणून दर रविवारी सकाळी दहा ते बारा विहारात कॉलेजची दोन मुले बसतात, फॉर्म फुकट भरून देतात. भरलेल्या फॉर्मची कागदी पावती मागून घ्या. सर्व्हर बंद असला तर आम्ही तारीख-वेळ वहीत लिहून ठेवतो. उद्या "मुदत संपली" म्हणाले तर हातात काहीतरी पाहिजे. ज्यांना मोबाइल वापरता येत नाही त्यांचा नंबर पहिला. ओ.टी.पी. ज्या मोबाइलवर येतो तो सोबत आणा. तो मुलाकडे असेल तर मुलालाच घेऊन या. गेल्या रविवारी तिघेजण तेवढ्यासाठी परत गेले.