धुक्यातली मॅरेथॉन आणि चाकांवरची झुंज

पानिपतात राहून मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या आपल्या मराठी धावपटूंसाठी आजचं बोलणं आहे.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे जीटी रोडवर काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. ट्रकचे दिवे दिसतात तेव्हा ट्रक अंगावर आलेला असतो. तरी "आज ३० किलोमीटर ठरलेत" म्हणून लोक बाहेर पडतातच. माझं स्पष्ट मत आहे, अशा सकाळी रस्त्यावर धावू नका. जीव जाईल.

मग दम कसा टिकवायचा? माझं उत्तर जरा विचित्र वाटेल. रोलर डर्बी.

हा स्केट्सवरचा खेळ. लंबगोल ट्रॅक, दोन संघ, एका वेळी पाच-पाच जण. प्रत्येक संघात एक जॅमर, त्याच्या हेल्मेटवर चांदणी. त्याने समोरच्या संघाला ओलांडून पुढे सुटायचं. बाकीचे चौघे, म्हणजे ब्लॉकर, खांद्याने-कमरेने वाट अडवतात. पहिल्यांदा नुसतं पार व्हायचं, नंतरच्या फेऱ्यांत ओलांडलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे गुण. एक डाव, म्हणजे जॅम, जास्तीत जास्त २ मिनिटांचा. मध्ये ३० सेकंद. अशी ३० मिनिटांची दोन सत्रं.

गंमत बघा, हा खेळ जन्मला तोच दमाचा खेळ म्हणून. १९३५ साली शिकागोत लिओ सेल्ट्झर यांनी तो सुरू केला, तेव्हा स्त्री-पुरुषांच्या जोड्या अमेरिका आडवी पार करण्याएवढं अंतर, सुमारे ३००० मैल, एकाच ट्रॅकवर आळीपाळीने फिरून कापायच्या. धक्काबुक्की पुढे वाढली, कारण लोकांना तीच आवडली!

धावणाऱ्याला यातून काय मिळतं? आपण महिनोन्महिने फक्त सरळ पुढे धावतो. स्केटिंगमध्ये पाय बाजूला ढकलावा लागतो, तोही गुडघे वाकवून, खाली बसून. त्यामुळे खुब्याच्या बाजूचा स्नायू कामाला लागतो. तो कच्चा राहिला की तिसाव्या किलोमीटरला कंबर एका बाजूला लचकते आणि गुडघा आत वळतो. शिवाय इथे वेग तुम्ही ठरवत नाही. घड्याळ लावून केलेल्या इंटरव्हलमध्ये पुढचा झटका कधी येणार ते माहीत असतं. जॅममध्ये तो समोरचा ठरवतो.

हे आपल्याला नवं नाही. ललिता बाबर आठवा, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची. तिची सुरुवात खो-खोने झाली. पुढे लांब पल्ल्याचं धावणं, मग ३००० मीटर स्टीपलचेस. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद हा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम, आणि अंतिम फेरीत दहावी. खो-खोमुळेच हे झालं, असं मी म्हणणार नाही. पण अडथळा समोर आल्यावर पाय कुठे टाकायचा, ही सवय पाटीवर गणित सोडवून येत नाही. म्हणून स्केट्स मिळत नसतील, तर बंद हॉलमध्ये खो-खो खेळा. दोन-दोन मिनिटांचे पाठलाग करा.

आता उलट बाजू. स्केटिंगमध्ये पावलाला जमिनीचा धक्का बसत नाही, त्यामुळे पोटरी आणि घोट्याची धावण्यासाठीची तयारी त्यातून होत नाही. आठवड्यात दोन दिवस डर्बी, बाकी धावणं. धुकं उठल्यावर, दुपारी. हवा फारच वाईट असेल त्या दिवशी तेही नको. हॉलमध्ये हवा आपोआप स्वच्छ होत नाही.

हेल्मेट, दातांचं गार्ड, मनगट-कोपर-गुडघ्यांची पॅड्स घातल्याशिवाय चाकांवर उभं राहायचं नाही. पहिल्या दिवशी फक्त पडायला शिका. बोटं मुठीत घेऊन, गुडघ्याच्या पॅडवर, आणि लगेच उठून. शर्यत सहा आठवड्यांवर आली की टक्करी बंद. नुसते फेरे मारा.