किलोमागे मानधन नको
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील भाषण)



आपला कोकम आगळाचा, मालवणी मसाल्याचा धंदा वाढतोय. दहा जणी होतो तेव्हा हिशेब ओटीवर बसून व्हायचा. आता खरेदीला एक, विक्रीला एक, पैसे सांभाळायला एक. ज्याला ज्याचे पैसे मिळतात, तो तेच काम जोरात करतो. हे आम्ही नुकसान सोसून शिकलो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने विक्रीला एक मुलगा ठेवला. खपलेल्या मालावर शंभराला आठ रुपये. मुलगा कामसू, खोटा अजिबात नाही. चतुर्थीआधी त्याने दुकानादुकानात बाटल्या टाकल्या, सगळ्या उधारीवर. त्याचे पैसे आम्ही महिन्याच्या महिन्याला दिले. दुकानदारांचे शिमगा आला तरी येईनात. त्याला काय बोलणार? आमची बोलीच तशी होती! आता वसुली झाली की मगच टक्केवारी. तोच मुलगा आता दुकानदार बघून माल देतो.

लिज्जत पापड तुम्ही सगळ्यांनी खाल्लाय. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन तो सुरू केला. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तिथे लाटणारी बाई नोकर नाही, सभासद बहीण आहे, म्हणजे मालकीण. सकाळी केंद्रावरून पीठ न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. नफा-तोटा सगळ्या बहिणींचा. कारभार बघणारी 21 जणींची समितीही त्यांच्यातलीच. नुसती लाटणावळ असती तर घाईघाईत जाडेभरडे पापड आले असते. पण पाकिटाचं नाव बुडालं तर आपलाच वाटा बुडतो, हे तिला माहीत आहे. आणि एवढं असूनही पापड तपासूनच घेतात. मालकीण झाली म्हणून तपासणी सोडली नाही, हे मला फार आवडतं.

आज आपल्यापुढे ठराव आहे, खरेदी करणाऱ्या ताईला किलोमागे मानधन द्यायचा. मी विरोधात हात वर करणार. किलोमागे पैसे म्हटले की पहिल्या पावसात भिजलेले रातांबेही वजनकाट्यावर चढतील, आणि ते बाटलीत कळणार चार महिन्यांनी. मानधन महिन्याचं ठरवा, वर वर्षअखेरच्या नफ्यात वाटा द्या. माल पास करणारी मात्र दुसऱ्या गटातली असू दे.

खरेदी करणारी ताई माझी जाऊ आहे. काल रात्री घरी तिलाही हेच सांगितलं. ती अजून रागावलेली आहे. मतदान चहानंतर आहे, तोवर ठरावाचा कागद मागच्या रांगेपर्यंत जाऊ दे.