बॅरन बेटाची जाग

अंदमान समुद्रातलं बॅरन बेट म्हणजे भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. दीडशेहून अधिक वर्षं शांत राहून १९९१ मध्ये तो पुन्हा धगधगू लागला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ‘सिंधू संकल्प’ जहाजावरून समुद्रतळाचा गाळ गोळा करत होते, तेव्हा अचानक राखेचा लोट उठला. मैलभर अंतर राखून त्यांनी पाहिलं: उद्रेक पाच-दहा मिनिटांचे, दिवसा नुसती राख, अंधार पडताच लालभडक लाव्ह्याचे फवारे. बेटावर वस्ती नाही, पण म्हणून बेफिकीर राहून कसं चालेल? राखेनं विमानाचं इंजिन बंद पडू शकतं. उपग्रह तिथली उष्णता टिपतात आणि ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचं ज्वालामुखी-राख सूचना केंद्र वैमानिकांना सावध करतं. सप्टेंबर २०२५ मध्येही तिथे सौम्य उद्रेक झाले.