संगणक-प्रणालींचे एक कूळ



आपल्या खिशातील फोन, कचेरीतील संगणक आणि दूर कोठेतरी अहोरात्र चालणारी प्रचंड गणनयंत्रे बाह्यतः एकमेकांहून भिन्न भासतात. त्यांचे निर्मातेही परस्परांचे प्रतिस्पर्धी आहेत. तथापि यंत्राचा अंतर्गत कारभार पाहणारी जी आज्ञावली, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, तिची वंशावळ शोधू लागल्यास यांपैकी बहुतेकांचे कूळ एकच निघते. हे कूळ इतके का विस्तारले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

संगणक अतिशय महाग होते त्या काळी एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणे अगत्याचे होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉरबातो यांनी १९६१ मध्ये ते करून दाखविले. यंत्र क्षणभर एकाचे काम करी, लगेच दुसऱ्याचे हाती घेई. आणि प्रत्येकास ते आपल्या एकट्याच्याच दिमतीस आहे असे वाटे. या यशातून ‘मल्टिक्स’ ही महत्त्वाकांक्षी प्रणाली आखण्यात आली. तीत जनरल इलेक्ट्रिक कंपनी व बेल प्रयोगशाळाही सहभागी होत्या. परंतु काम लांबत गेले आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने अंग काढून घेतले.

त्याच वर्षी तेथील केन टॉम्प्सन यांनी एका लहानशा, पडून राहिलेल्या पीडीपी-७ यंत्रावर नवी प्रणाली रचण्यास प्रारंभ केला. डेनिस रिची त्यांचे सहकारी होते. हीच पुढे ‘युनिक्स’ झाली. मल्टिक्सचा पसारा त्यांनी टाकला, पण कप्प्यात कप्पा असावा तशी फाइलींची मांडणी यांसारखी तिची तत्त्वे जपली. १९७३ मध्ये ही प्रणाली सी भाषेत पुन्हा लिहिली गेल्याने ती एका जातीच्या यंत्राशी बांधलेली राहिली नाही.

तथापि तिचा प्रसार केवळ गुणांमुळे झाला नाही. बेल प्रयोगशाळेची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीला १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार दूरसंचाराबाहेरचा व्यापार करण्यास मनाई होती. त्यामुळे युनिक्स बाजारात न येता अल्प शुल्कात विद्यापीठांना मिळाली, तीही मूळ संहितेसह. म्हणजे माणसाला वाचता व बदलता येईल अशा स्वरूपात. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स या प्राध्यापकांनी १९७६-७७ च्या सुमारास, सूत्रग्रंथावर भाष्य लिहावे तसे, तिच्या सुमारे ९,००० ओळींच्या गाभ्यावर विद्यार्थ्यांसाठी विवरण लिहिले.

पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने ही संहिता वर्गात शिकविण्यास बंदी केली. लायन्स यांचे पुस्तक छायाप्रतींच्या रूपाने हस्ते परहस्ते फिरत राहिले. ते रीतसर प्रकाशित होण्यास १९९६ साल उजाडले.

बंदीने जिज्ञासा मात्र थांबली नाही. ॲमस्टरडॅम येथील अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये केवळ अध्यापनासाठी ‘मिनिक्स’ ही लहान प्रणाली स्वतंत्रपणे लिहिली. तिचा अभ्यास केलेल्या लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’चा गाभा रचला. युनिक्ससारखी मुक्त प्रणाली उभारण्याचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्येच जाहीर केला होता. त्यांच्या चळवळीतील साधनांची लिनक्सला जोड मिळाली. आज अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतात. दुसरी शाखा बर्कली येथील विद्यापीठात वाढली आणि नेक्स्ट कंपनीच्या मार्गाने ॲपलकडे पोहोचली. २००१ ची मॅक ओएस टेन व नंतरचा आयफोन हे तिचेच वंशज होत. बर्कलीचे नाते रक्ताचे. लिनक्सचे शिष्यपरंपरेचे, कारण तिने युनिक्सची संहिता नव्हे, तर रीत उचलली.

विंडोजचे घराणे निराळे आहे. १९९३ च्या विंडोज एनटीचे शिल्पकार डेव्ह कटलर डिजिटल कंपनीच्या व्हीएमएस प्रणालीचा अनुभव घेऊन आले होते. परंतु मायक्रोसॉफ्टच्याच १९८३ च्या डॉस प्रणालीत कप्प्यांची ती जुनी मांडणी युनिक्सवरूनच आली.

या इतिहासाचा बोध एवढाच की, जी संहिता विद्यार्थ्यांच्या वाचनात आली तिचा वंश वाढला. आज लिनक्सची संपूर्ण संहिता कोणालाही वाचावयास खुली आहे. उलट हातातील कित्येक उपकरणे मालकालाही आत डोकावू देत नाहीत. अशा वेळी आपल्या विद्यालयांनी संगणक केवळ वापरावयास शिकवावा, की त्याची संहिता वाचावयासही शिकवावी, याचा निर्णय आपणच घ्यावयाचा आहे.