गाडीनं माणूस पाहिला का?

नागपूरहून येणाऱ्या एसटीला जाम या गावी दोन वाटा फुटतात, एक हैदराबादची, दुसरी चंद्रपूरची. अशा चौरस्त्यावर समोरून कुणी आडवं आलं की पुढच्या बाकावरचा प्रवासी आधी चालकाकडे पाहतो. चालकानं हॉर्न दिला, वेग कमी केला, की त्याचा जीव भांड्यात पडतो. ‘यानं पाहिलंय’ एवढी खात्री त्याला पुरते. चालकाची सीटच रिकामी असेल, तर ही खात्री द्यायची कुणी?

चालकविरहित गाडीबद्दलची भीती इथून सुरू होते. अमेरिकन अभियंता चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्ये दाखवलं होतं की, माणूस स्वतः पत्करलेला धोका सहज सोसतो, लादलेला सोसत नाही. म्हणून स्वतः भरधाव मोटारसायकल हाकणारा माणूसही यंत्राच्या गाडीत अंग आखडून बसतो. त्याला अपघातांचे आकडे सांगून भागत नाही. गाडीनं लांबूनच वेग उतरवला, समोरचा पादचारी आतल्या पडद्यावर दाखवला, तर त्याला धीर येतो. वेमो कंपनीच्या चालकविरहित गाड्यांत असा पडदा आहे.

पण प्रवासी निर्धास्त झाला म्हणून पादचारी सुरक्षित झाला, असं नाही. १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्या टेंपी इथं उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीनं सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला उडवलं. त्यात तिचा मृत्यू झाला. धडकेच्या पाचेक सेकंद आधी यंत्रणेला समोर काहीतरी दिसलं होतं. पण ते वाहन की सायकल, हे तिला ठरवता येईना. क्रॉसिंग सोडून माणूस रस्त्यावर येईल, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. देखरेखीला बसलेल्या व्यक्तीचं लक्षही रस्त्यावर नव्हतं.

आपल्याकडे तर क्रॉसिंग सोडूनच माणूस येतो. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली; त्यांत ३२,८२५ पादचारी होते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढं जाते. एवढ्या अंतरात शाळकरी पोर, बैलजोडी, उसाची ट्रॉली ओळखायची आहे.

रस्ते वाहतूक मंत्री या नात्यानं नितीन गडकरी यांनी रोजगाराचं कारण देऊन चालकविरहित गाड्यांना विरोध केला आहे. दरम्यान, मधली वाट नागपुरात चाचपली गेली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात शहर बसना धडकेचा धोका ओळखून चालकाला सावध करणारी उपकरणं बसवली. निर्णय माणसाचा, जोडीला यंत्राची नजर. मला हीच वाट आज योग्य वाटते.

संशोधक बोनफॉन आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात लोकांनी अधिक जीव वाचवणारी गाडी चांगली ठरवली. स्वतः बसायला मात्र प्रवाशाला वाचवणारीच पसंत केली. म्हणून अशा गाड्यांची परीक्षा आत बसणाऱ्याच्या मतावर सोडू नका. चालकविरहित गाडी कधी ना कधी आपल्या रस्त्यावर येईल. तेव्हा आसन किती आरामाचं, हे नंतर विचारा. आधी विचारा, पायी चालणाऱ्यासाठी ती कुठं आणि किती वेळात थांबते? त्याचं उत्तर मिळाल्याखेरीज तिला परवानगी मिळता कामा नये.